वऱ्हाडातील दोन अज्ञातवासी सापांचे नामकरण

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला मोर्शी तालुका बहुतेकांना संत्र्यांच्या बागांमुळे ठाऊक असतो. एका अंगास वर्धा नदी, मध्ये काळी जमीन, बांधावर बाभळी-बोरींची दाटी आणि उत्तरेस सालबर्डीकडील डोंगरांची रांग, असा हा मुलूख. येथील शेतकऱ्यास साप नवा नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ही चार नावे तो भीतीने उच्चारतो. धामण आणि पाणदिवड ही नावे त्यामानाने निर्धास्तपणे उच्चारतो. या नावांच्या पलीकडे जो कोणी सरपटताना दिसेल तो 'कसला तरी साप' ठरतो, आणि बहुधा काठीच्या घावाखाली त्याचा निकाल लागतो.

परंतु याच 'कसल्या तरी सापां'पैकी दोघांची नावे सन २०१८ मध्ये, एकाच वर्षी, प्राणिशास्त्राच्या वहीत बदलावी लागली. एकाचे वंशनाम दीडशेहून अधिक वर्षांनंतर पुसले गेले. दुसऱ्याला एकोणनव्वद वर्षे अडगळीत पडून राहिलेले वंशनाम परत मिळाले. हे दोन्ही साप अमरावती जिल्ह्यात नांदत आहेत, याची शास्त्रीय नोंद सन २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली होती. या दोन सापांच्या नामकरणाचा इतिहास हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. तो सांगताना एक गोष्ट आपल्यापुढे मांडावयाची आहे. ज्यांना आपण दुर्मिळ म्हणतो त्यांतील काही प्राणी खरोखर दुर्मिळ नसतात. त्यांच्याकडे पाहणारा डोळाच तेवढा दुर्मिळ असतो.

प्रथम नाव देणे म्हणजे काय, ते पाहू. सापांची वर्गवारी करण्याचा उद्योग आपल्याकडे पुरातन आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सापांचे ऐंशी प्रकार सांगितले असून, फणा काढणारे ते दर्वीकर, अंगावर मंडले असणारे ते मंडली, रेषा असणारे ते राजिमंत, शिवाय निर्विष आणि संकरज, असे त्यांचे गट पाडलेले आहेत. ही वाटणी वैद्याची आहे. दंश झालेला रोगी समोर आला असता कोणते लक्षण पाहावे आणि कोणता उपाय योजावा, हा तिचा हेतू. त्या हेतूस ती पुरेशी होती. तथापि दोन सापांचे परस्परांशी नाते काय, हा प्रश्न तिने विचारलेला नाही.

तो प्रश्न विचारता येईल अशी चौकट युरोपात स्वीडनच्या लिनिअसने घालून दिली. त्याच्या ग्रंथाची सन १७५८ मधील दहावी आवृत्ती ही प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची आरंभरेषा मानली जाते. त्याच्या पद्धतीत प्रत्येक प्राण्यास दोन शब्दांचे नाव असते. पहिला शब्द वंशाचा, म्हणजे जणू आडनाव; दुसरा शब्द जातीचा, म्हणजे जणू व्यक्तीचे नाव. पुढे या पद्धतीस नियमांची जोड मिळाली. ज्याने प्रथम वर्णन छापले त्याचे जातिनाम टिकते, हा एक नियम. ज्या प्रत्यक्ष प्राण्यावरून ते वर्णन केले तो नमुना जपून ठेवावयाचा, ही दुसरी रीत. शेतीच्या मोजणीत जसा हद्दीचा दगड, तसा हा आदिनमुना. पुढील सर्व वाद अखेर त्याच्यापाशी येऊन मिटवावयाचे असतात. सापाच्या बाबतीत मोजणीची साधने म्हणजे खवले आणि दात. पाठीवर खवल्यांच्या रांगा किती, पोटाखाली रुंद खवले किती, शेपटीखालील खवले एकेरी की दुहेरी, दातांवर पन्हळ आहे किंवा नाही, हे सारे मोजून टिपून ठेवावयाचे.

हिंदुस्थानातील सापांवर ही मोजणी प्रथम मोठ्या प्रमाणावर लावली ती डॉ. पॅट्रिक रसेल या स्कॉटिश वैद्याने. सन १७८५ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीचा निसर्गशास्त्रज्ञ झाला, आणि विशाखापट्टणच्या परिसरात त्याने साप जमविले, विषाचे प्रयोग केले, चित्रे काढवून घेतली. कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांविषयीचा त्याचा रंगीत चित्रांचा ग्रंथ सन १७९६ मध्ये निघाला. रसेलने सापांना लॅटिन नावे दिली नाहीत. लोक ज्या नावाने साप ओळखीत तेच त्याने लिहून घेतले. मण्यारीच्या वंशाचे आजचे 'बंगारस' हे शास्त्रीय नाव तेलुगूतील सोने या अर्थाच्या 'बंगारू' शब्दावरून आलेले आहे. घोणशीला सन १७९७ मध्ये रसेलचेच नाव दिले गेले. तिचे 'डॅबोया' हे वंशनामही मूळचे देशी बोलीतील. शास्त्राच्या पहिल्या पानावर गारुड्याचे आणि शेतकऱ्याचे शब्द आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

रसेलचा मुख्य हेतूही सुश्रुताप्रमाणे वैद्याचाच होता: विषारी कोणता आणि बिनविषारी कोणता. पुढे सन १८७२ मध्ये जोसेफ फेररने हिंदुस्थानातील प्राणघातक सापांवर भव्य ग्रंथ लिहिला; मुंबईस परळच्या हाफकीन संस्थेत सर्पविषावर आणि त्याच्या प्रतिविषावर मोलाचे काम झाले. या उद्योगाने असंख्य प्राण वाचले. पण त्याचा एक परिणाम असा झाला की, ज्या सापापासून मनुष्यास भय नाही आणि ज्याचा उपयोगही दिसत नाही, तो साप विद्वानांच्या नजरेच्या कडेला राहिला. आपल्या कथेतील दोन्ही साप अशा कडेचे आहेत.

पहिल्याची कथा सुरू होते ती आज बांगलादेशात असलेल्या रंगपूर येथे. तेथून मिळालेला एक लहानसा साप डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरी योहानेस राइनहार्ट या प्राणिशास्त्रज्ञाच्या हाती आला. त्याने त्याचे तोंड उघडून पाहिले, तो दात अगदीच थोडे आणि बारीक. देह चिरून पाहिला, तेव्हा मात्र विलक्षण प्रकार आढळला. मानेपाशी कण्याच्या मणक्यांना खालच्या बाजूने टोके फुटलेली असून ती अन्ननलिकेच्या आत शिरलेली होती. अशी रचना तोवर आफ्रिकेतील डॅसिपेल्टिस नावाच्या सापात ठाऊक होती, आणि तो साप पक्ष्यांच्या अंड्यांवर जगतो हेही ठाऊक होते. या सापांची भोजनाची रीत अशी. अंडे अखंड गिळावयाचे, ते घशात उतरले की मानेचे स्नायू आवळावयाचे, आणि कण्याच्या टोकांनी कवच चिरून आतील रस पोटात सोडावयाचा. तोंडात मोठे दात असते तर गुळगुळीत अंडे गिळण्यास ते अडचणीचेच झाले असते.

राइनहार्टने सन १८६३ मध्ये डॅनिश विद्वत्संस्थेच्या वृत्तांतात या सापाचे वर्णन छापले. वंशाचे नाव त्याने ठेवले 'एलॅकिस्टोडॉन', म्हणजे ग्रीक भाषेत अत्यल्प दातांचा, आणि जातीचे नाव 'वेस्टरमानी'. कण्यात दात असलेल्या आफ्रिकी सापांच्या कुलात त्याने याला नेऊन बसविले. हे या सापाचे पहिले घर. राइनहार्टचा तर्क साधा होता. इतके चमत्कारिक अवयव दोन ठिकाणी आपोआप कसे उद्भवतील? अर्थात दोन्ही एकाच घराण्यातील असले पाहिजेत.

तेहेतीस वर्षांनी हे घर बदलले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज बूलँजे या मूळच्या बेल्जियन पंडिताने जगातील सापांची तीन खंडांची सूची सन १८९३ ते १८९६ या काळात सिद्ध केली. बूलँजेची भिस्त दातांवर. ज्यांच्या दातांवर पन्हळ नाही ते एकीकडे. ज्यांच्या जबड्यात मागील बाजूस पन्हळीचे दात आहेत ते दुसरीकडे. ज्यांच्या पुढील बाजूस विषदंत आहेत ते तिसरीकडे. आफ्रिकी अंडीखाऊ सापाच्या दातांवर पन्हळ नव्हती. रंगपूरच्या सापाच्या जबड्यात मागील दातांवर ती होती. तेव्हा त्या दोघांची ताटातूट झाली, आणि आपल्या सापासाठी बूलँजेने स्वतंत्र उपकुल काढले. एका उपकुलात एकच वंश, त्या वंशात एकच जाती! सापांच्या साऱ्या जगात याला भाऊबंद म्हणून कोणी उरला नाही. हे त्याचे दुसरे घर, आणि ते एकांतवासाचे होते.

या सर्व काळात नवे नमुने तरी किती मिळाले? रंगपूर, बिहारातील पूर्णिया, बंगालमधील जलपाईगुडी अशी उत्तर बंगाल-बिहारकडील मोजकी स्थळे तेवढी नोंदली गेली. सन १९४३ मध्ये डॉ. माल्कम स्मिथ यांचा हिंदुस्थानच्या सापांवरील प्रमाणभूत खंड निघाला, तोवरही चित्र फारसे पालटलेले नव्हते. हा साप पूर्वेकडील ओलसर प्रदेशाचा आणि अतिशय विरळा, हा समज ग्रंथांतून ग्रंथांत उतरत गेला. सन १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम झाला, त्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघासारख्या प्राण्यांच्या पंगतीत या सापाचे नाव दाखल झाले. कायद्याने त्याला सर्वोच्च संरक्षण दिले. मात्र तो वऱ्हाडात राहतो, ही गोष्ट ना कायदा करणाऱ्यास ठाऊक होती, ना वऱ्हाडकरास.

आता दुसऱ्या सापाकडे वळू. हा अंगाने सडपातळ, गुळगुळीत खवल्यांचा, मातकट रंगाचा आणि निरुपद्रवी. याचे वर्णन लंडनच्याच म्युझियममधील आल्बर्ट ग्युंथर यांनी सन १८६६ मध्ये केले. नमुना पुण्याकडील होता. जातिनाम पडले 'ब्राकियुरा', म्हणजे आखूड शेपटीचा. पुढे सन १८९० मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील आपल्या ग्रंथात बूलँजेने याला 'कोरोनेला' या वंशात घातले. कोरोनेला हा मुळात युरोपातील गुळगुळीत सापांचा वंश. पुण्याच्या माळरानावरील साप अशा रीतीने युरोपातील सापांचा चुलतभाऊ ठरला. ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ वेर्नर यांस हे नाते पटले नसावे. सन १९२९ मध्ये त्यांनी याच्यासाठी 'वॉलोफिस' असा निराळा वंश स्थापन केला. परंतु पुढील पंडितांनी तो मानला नाही, आणि ते नाव अडगळीत गेले.

वॉलोफिस हे नाव ज्यांच्यावरून पडले त्या कर्नल फ्रँक वॉल यांचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. कारण त्यांच्यामुळे मुंबईचा संबंध येतो. सन १८८३ मध्ये आठ गृहस्थांनी मिळून मुंबईत निसर्ग-इतिहास मंडळी स्थापन केली. त्या आठांमध्ये डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन आपले वैद्य होते. सन १८८६ पासून मंडळीचे नियतकालिक निघू लागले, आणि वॉल यांनी हिंदुस्थानातील सामान्य सापांवरील आपली सुबोध लेखमाला त्यातूनच वर्षानुवर्षे लिहिली. ठिकठिकाणचे सभासद मद्यार्कात बुडविलेले साप मंडळीकडे पाठवीत. हे जाळे फार उपयोगी पडले. पण त्याचे धागे लष्करी छावण्या, चहाचे मळे, थंड हवेची ठिकाणे आणि बंदरे यांच्या आसपास दाट होते. शेतकऱ्याच्या बांधापर्यंत ते क्वचितच पोचत. ज्या ठिकाणी पाहणारा नाही त्या ठिकाणी नकाशा कोरा राहतो, आणि पुढे कोऱ्या नकाशाचा अर्थ 'येथे साप नाही' असा लावला जातो.

हा कोरा भाग भरून निघण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. महाराष्ट्रात मधल्या काळात एक नवी संस्थाच जणू उदयास आली होती. ती म्हणजे सर्पमित्र. घरात साप निघाला की त्यास न मारता पकडून रानात सोडणारे हे तरुण गावोगाव दिसू लागले. त्यांच्या हातून रोज नवे साप जाऊ लागले, आणि त्यांपैकी जे चिकित्सक होते त्यांनी खवले मोजून टिपणे ठेवण्यास आरंभ केला. अशा देशी निरीक्षकांची आणि अभ्यासू सर्पतज्ज्ञांची गाठ पडली तेव्हा शोध लागले. सन २००५ मध्ये अशोक कॅप्टन, वर्ध्याचे पराग दांडगे आणि त्यांचे दोन जर्मन सहकारी यांनी एलॅकिस्टोडॉनची महाराष्ट्रातील पहिली नोंद प्रसिद्ध केली. ती वर्धा जिल्ह्यातील होती. म्हणजे मोर्शीकडून पाहिले तर केवळ नदीच्या पैलतीरावरची! दोनच वर्षांनी, सन २००७ मध्ये, राजू नांदे आणि सौरभ देशमुख यांनी मेळघाटासह सबंध अमरावती जिल्ह्यातील सापांची सूची छापली. तिच्यात हा अंडीखाऊ साप होता, आणि पुण्याचा तो गुळगुळीत सापही होता. पुढे गुजरात, तेलंगण अशा दूरदूरच्या कोरड्या प्रदेशांतूनही अंडीखाऊ सापाच्या नोंदी येत गेल्या. रंगपूरच्या ओलाव्याचा समजला गेलेला साप दख्खनच्या कोरड्या मुलखातही मजेत नांदत होता.

मग तो इतके दिवस दिसला कसा नाही? याचे उत्तर त्याच्या राहणीत आहे. तो निशाचर आहे आणि झाडाझुडपांवर चढणारा आहे. लांबीने हातभर किंवा थोडा अधिक, तपकिरी ते काळपट अंगाचा, पाठीच्या मध्यावरून मस्तकापासून शेपटीकडे जाणारा फिकट पिवळसर पट्टा, असे त्याचे रूप. त्याचे अन्न पक्ष्यांची अंडी. तेव्हा पाखरांच्या विणीचा हंगाम हाच त्याच्या सुगीचा काळ. अशा प्राण्याने रात्री कुंपणातून फिरावे आणि दिवसा ढोलीत किंवा भेगेत दडून राहावे, यात नवल नाही. त्यातून तो डिवचला गेला तर अंगाचा पुढील भाग वेटाळून वर उचलतो आणि झडप घालतो. बघणाऱ्यास वाटते की, हा महाविषारी असला पाहिजे. वास्तविक ज्याच्या तोंडात धड दातही नाहीत असा हा प्राणी मनुष्यास काहीही इजा करू शकत नाही. त्याचे सोंगच त्याच्या जिवावर येते.

येथे ओळखीच्या खुणांविषयी दोन शब्द सांगणे इष्ट आहे. पाठीच्या मध्यरेषेवर मोठ्या षट्कोनी खवल्यांची रांग दिसली की ती मण्यार, असा एक ठोकताळा अनेकांनी ऐकलेला असतो. मण्यारीच्या पाठीवर तशी रांग असते हे खरे. पण ती अंडीखाऊ सापाच्या पाठीवरही असते, आणि मांजऱ्या सापाच्या पाठीवरही असते. शेपटीखालील खवले पाहिले तर फरक कळतो. आपल्याकडील मण्यारीत ते एकेरी, तर या इतरांत दुहेरी. अर्थात ही परीक्षा तज्ज्ञाने करावयाची. सामान्य माणसाने जिवंत सापाच्या वाटेस जाऊ नये. परंतु एकाच खुणेवर विसंबून निकाल देणे किती धोक्याचे असते, हे यावरून ध्यानात येईल. गंमत अशी की, पंडितांकडूनही नेमके हेच घडले होते. एकाने कण्याच्या टोकांवर विसंबून निकाल दिला, दुसऱ्याने दातांच्या पन्हळीवर.

तो निकाल फिरविणारे साधन म्हणजे प्राण्याच्या पेशींतील वंशसूत्र, ज्यास आपण डीएनए म्हणतो. त्याची रीत समजण्यास आपल्याकडे एक उत्तम दृष्टांत आहे. जुन्या पोथ्या हातांनी नकलून घेतल्या जात, आणि प्रत्येक नकलेत काही चुका शिरत. पुढील नकलाकार त्या चुकांसकट नक्कल करी व स्वतःच्या चार चुकांची भर टाकी. एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती अशाच पाठभेदांनी बुजबुजलेल्या प्रतींमधून. दोन प्रतींत तीच चूक त्याच ठिकाणी आढळली तर त्या दोन्ही एकाच पोथीवरून उतरल्या, असा तर्क संशोधक करतो. वंशसूत्राचीही पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होत असते आणि तिच्यात बारीक बदल साठत जातात. समान बदलांवरून कोण कोणाचा सख्खा आणि कोण चुलत, हे ठरविता येते. बाहेरचे वेष्टन कसेही असो. पोथी आतून वाचता येते.

सन २०१८ मध्ये हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी अंडीखाऊ सापाची ही पोथी वाचली. निष्कर्ष असा निघाला की, हा साप एकांडा मुळीच नाही. तो 'बॉयगा' या वंशाच्या ऐन मध्यात बसतो. बॉयगा म्हणजे आपल्या ओळखीच्या मांजऱ्या सापांचा वंश. मांजरीसारख्या उभ्या बाहुलीचे डोळे असलेला, रात्री फिरणारा मांजऱ्या आपल्याकडे सर्वत्र आढळतो. मांजऱ्याच्या घरातील एका शाखेने पाली-सरडे-पाखरे सोडून केवळ अंड्यांचे व्रत धरले, तिचे दात झडत आले आणि कण्याला टोके फुटली, असा याचा अर्थ. आफ्रिकी सापाला तीच टोके निराळ्या वाटेने फुटली. एकच गरज असली म्हणजे दोन ठिकाणचे कारागीर एकमेकांना न विचारता सारखेच हत्यार घडवितात, तद्वत् निसर्गाने हे हत्यार दोनदा घडविले. बूलँजेचे उपकुल मोडले, राइनहार्टचा वंशही मोडला. एलॅकिस्टोडॉन वेस्टरमानी होता तो 'बॉयगा वेस्टरमानी' झाला. हे त्याचे तिसरे घर, आणि येथे त्याला भाऊबंद मिळाले.

त्याच वर्षी झीशान मिर्झा आणि हर्षिल पटेल या संशोधकांनी दुसऱ्या सापाची पोथी वाचली. तो युरोपातील कोरोनेलाचा कोणीही लागत नाही, असे निष्पन्न झाले, आणि वेर्नर यांचे १९२९ मधील वॉलोफिस हे नाव सन्मानाने परत आले. पण याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. याचा निकटचा आप्त निघाला तो गुजरातेतील एक पट्टेरी साप. सन २०१६ मध्ये मिर्झा, राजू व्यास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या सापाचे प्रथमच वर्णन करून, आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्या स्मरणार्थ त्यासाठी 'वॉलेसिओफिस' असा नवा वंश स्थापिला होता. आणि या दोघांचे पुढील सोयरे म्हणजे 'लायटोरिंकस', जे उत्तर आफ्रिकेपासून वायव्य हिंदुस्थानापर्यंतच्या वाळवंटांत वाळूत तोंड खुपसून राहतात. वऱ्हाडातील एका अनामिक सापाचे गोत्र असे थरच्या आणि अरबस्तानच्या वाळूपर्यंत जाऊन भिडते. आपला मुलूख वाळवंट नव्हे; परंतु कोरड्या प्रदेशांची जी साखळी पश्चिमेकडून दख्खनमध्ये उतरते, तिच्याशी याचे जुने नाते असावे, ही गोष्ट या लहानशा सापाने सुचविली.

येथे कोणी विचारील की, जुन्या पंडितांचे श्रम मग वायाच गेले काय? तसे मुळीच नाही. अंडीखाऊ सापाचे शास्त्रीय नाव आज लिहिताना राइनहार्टचे नाव आणि १८६३ हे साल कंसात लिहितात. या कंसाला अर्थ आहे. वंश बदलला, परंतु जाती प्रथम ओळखणारा तोच, ही कबुली त्या कंसात आहे. त्याने खवले मोजले नसते, मणक्यांचे वर्णन केले नसते, तर वर्ध्यास सापडलेला साप तोच हे दीडशे वर्षांनी कोणास ओळखता आले असते? त्याने जे पाहिले ते खरे होते. त्यावरून बांधलेले घर तेवढे पुन्हा बांधावे लागले. नामकरणाच्या या शास्त्रात जुने खोडून नवे लिहिण्याची सोय आरंभापासून ठेवलेली आहे, आणि हाच त्याचा मोठेपणा होय.

तथापि एक उणीव वंशसूत्रानेही भरून निघत नाही. ती म्हणजे जिवंत प्राण्याची. मेळघाटाला सन १९७४ पासून व्याघ्रप्रकल्पाचे छत्र लाभले आहे. पण हा अंडीखाऊ साप अभयारण्याची सीमा पाहून राहत नाही. तो शेताच्या कडेला आणि वस्तीच्या आसपासही सापडतो. त्याचे राज्य म्हणजे बांधावरची जुनी बाभूळ, विहिरीवर झुकलेली फांदी, काटेरी कुंपण आणि त्यांतील पाखरांची घरटी. बांध सपाट केला, कुंपण तोडून तारा ओढल्या, विहीर बुजविली, म्हणजे कोणी सापाला मारले असे होत नाही. पण पाखरे उठली की अंडी गेली, आणि अंडी गेली की अंडीखाऊ गेला. कायद्याच्या अनुसूचीत वाघाशेजारी असलेले नाव त्याला तेथे वाचवू शकत नाही.

दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. पावसाळ्यात अंधाऱ्या रात्री ओलीत करणाऱ्या शेतकऱ्याला, झोपडीत जमिनीवर झोपणाऱ्या मजुराला मण्यारीचे आणि घोणशीचे भय खरे आहे. त्याच्या हातातील काठीला नावे ठेवणे शहरात बसून सोपे आहे. त्याला 'साप मारू नको' एवढेच सांगणे पुरेसे नाही. कोणता साप कोणता, हे सांगितले पाहिजे. सापाची जात ठाऊक झाली म्हणजे भय आटोपशीर होते. विजेरी घेऊन चालावे, खाटेवर निजावे, दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता तत्काळ रुग्णालय गाठावे, ही सावधगिरी मग चार सापांपुरती नेमकी होते, आणि उरलेल्यांना जीवदान मिळते. वैद्याची वर्गवारी आणि वंशाची वर्गवारी या दोन्ही येथे एकमेकींच्या उपयोगी पडतात.

अमरावती, वर्धा, अकोला येथील घरांत जी मुले आज शाळा-महाविद्यालयांत जात आहेत त्यांना मी हे आवर्जून सांगेन. नवी जाती शोधण्यास हिमालयात किंवा वाळवंटात गेलेच पाहिजे असे नाही. दोन नावे बदलली त्या सापांपैकी एकाचा आदिनमुना रंगपूरचा, दुसऱ्याचा पुण्याकडील; परंतु दोघेही आपल्या जिल्ह्यात आहेत हे सांगणारे लोक आपल्या जिल्ह्यातीलच होते. घरात अनोळखी साप निघाला तर त्याला हात लावू नये, दुरून छायाचित्र घ्यावे, स्थळ, तारीख आणि वेळ टिपून ठेवावी, आणि वनखात्यास किंवा जाणत्या सर्पमित्रास कळवावे. एवढे टिपण पुरेसे असते. कोपनहेगनला आणि लंडनला ज्या गोष्टी काचेच्या बरणीवरून ताडाव्या लागल्या, त्या मोर्शीच्या बांधावर प्रत्यक्ष पाहता येतात. हा साप वर्षातील किती महिने उपाशी राहतो, अंडी नसतील तेव्हा कोठे दडतो, कोणत्या पाखराच्या घरट्याकडे अधिक जातो, या प्रश्नांची उत्तरे बरणीतल्या नमुन्यापाशी मिळणार नाहीत. ती कुंपणाकडे जाणाऱ्या त्या सापापाशी आहेत, आणि त्यासाठी तो जिवंत राहिला पाहिजे.